यंत्राला जाग कशी येते : लिनक्समधील प्रारंभव्यवस्था आणि पॅकेजांचे परस्परावलंबन

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आश्रयाने गेल्या पाव शतकात दोन अगदी भिन्न प्रकृतीचे संगणक लोकांपुढे आले. त्यांतील पहिला तळहातावर मावणारा होता. संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय ह्या चार प्राध्यापकांनी त्याच शहरातील एन्कोअर सॉफ्टवेअर ह्या कंपनीच्या अभियंत्यांबरोबर ‘सिंप्युटर’ नावाचे यंत्र घडविले व २००१ साली त्याचा नमुना जाहीर रीतीने दाखविण्यात आला. एकच यंत्र साऱ्या गावाने वापरावे, ज्याने त्याने आपली माहिती स्वतःच्या स्मार्ट कार्डावर ठेवावी, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याला यंत्रानेच मजकूर वाचून दाखवावा, अशी ती कल्पना होती. विक्रीच्या दृष्टीने यंत्राला यश लाभले नाही. तथापि त्याच्या निमित्ताने सुरू झालेला ‘ध्वनी’ हा भारतीय भाषांतील मजकूर उच्चारून दाखविणारा प्रोग्रॅम मागे राहिला, आणि पुढे त्यात मराठीचीही भर पडली.

दुसरा संगणक ह्याच्या अगदी उलट टोकाचा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या संस्थेने राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली घडविलेला ‘परम प्रवेग’ हा महासंगणक २०२२ साली ह्याच आवारात कार्यान्वित झाला. त्याची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप आहे. म्हणजे ३३ ह्या आकड्यापुढे चौदा शून्ये मांडली असता जी संख्या होईल, तितकी गणिती कृत्ये तो एका सेकंदात करू शकतो. एक खिशात जाणारा, दुसऱ्याला स्वतंत्र दालन लागणारे. परंतु दोहोंच्या मुळाशी लिनक्स हीच कार्यप्रणाली. आणि विजेचा प्रवाह सुरू होताच दोहोंपुढे उभा राहणारा प्रश्नही एकच : प्रथम कोणी जागे व्हावे, आणि त्याच्यामागून कोणी?

वरवर पाहता हा प्रश्न घरगुती स्वरूपाचा वाटेल. वस्तुतः त्याच्या उत्तरावरून जगभर पसरलेल्या एका मोठ्या प्रकल्पातील काही मंडळी वेगळी झाली व त्यांनी आपली निराळी चूल मांडली. तसे का व्हावे हे समजण्यासाठी आधी यंत्राच्या जागे होण्याची क्रिया पाहिली पाहिजे.

पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया

संगणकाचे बटण दाबल्यावर यंत्रातच कायमचा साठविलेला एक लहान प्रोग्रॅम प्रथम चालू होतो. तो स्मृती, कळफलक, पडदा इत्यादींची जुजबी तपासणी करतो व डिस्कवरून कार्यप्रणालीचा गाभा उचलून स्मृतीत आणण्याची व्यवस्था लावतो. ‘लिनक्स’ हे नाव काटेकोरपणे पाहिले तर ह्या गाभ्याचेच आहे. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने तो १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला. स्मृतीची वाटणी करणे, डिस्कवर लिहिणे-वाचणे, अनेक प्रोग्रॅमांना पाळीपाळीने गणनयंत्रणेचा वेळ देणे ही सारी कामे गाभा करतो. परंतु केवळ गाभ्याने वापरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पडद्यावर नाव व परवलीचा शब्द विचारणारा, जाळ्याशी जोडणी करणारा, घड्याळ जुळविणारा, छपाईयंत्राकडे कागद पाठविणारा असे अनेक प्रोग्रॅम पडद्याआड सतत चालू असावे लागतात. त्यांना ‘सेवा’ असे म्हणतात.

ह्या सेवा गाभा स्वतः सुरू करीत नाही. आपली तयारी झाल्यावर तो फक्त एकच प्रोग्रॅम चालू करतो. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमाला, म्हणजे प्रक्रियेला, गाभा एक क्रमांक देतो. ह्या पहिल्या प्रोग्रॅमाला १ हा क्रमांक मिळतो आणि परंपरेने त्याला ‘इनिट’ म्हणतात. पुढे पडद्यावर जे काही दिसते ते सारे त्याच्याच वंशवेलीवरचे असते. त्याने काही प्रक्रिया जन्मास घालाव्या, त्यांनी आणखी काही, असा विस्तार होत जातो.

ह्या कुलपुरुषावर दोन विशेष जबाबदाऱ्या असतात. एखादी प्रक्रिया आपल्या अपत्यांना मागे ठेवून संपली तर ती पोरकी प्रक्रिया सामान्यतः पहिल्या क्रमांकाकडे दत्तक जाते, आणि ती संपल्यावर तिची नोंद मिटविण्याचे कामही त्यालाच करावे लागते. दुसरी गोष्ट अशी की त्याला मरण नाही. पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया काही कारणाने संपलीच तर गाभा हात टेकतो व संपूर्ण यंत्र थांबते. ह्यासाठी हा प्रोग्रॅम जेवढा लहान व साधा असेल तेवढा बरा, असे मानणारा एक पक्ष आहे. सेवांचे जन्ममरण ज्याला दिसते त्यानेच त्यांची सर्व देखरेखही करावी, असे दुसरा पक्ष म्हणतो. पुढे जे मतभेद दिसतील त्यांचे बीज येथे आहे.

पंगतीचा क्रम

एटी अँड टी कंपनीने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सिस्टिम फाइव्ह’ ह्या युनिक्सच्या आवृत्तीत सेवा सुरू करण्याची जी पद्धत होती, तीच मिकेल व्हान स्मूरेनबर्ख ह्या डच प्रोग्रॅमकाराने लिनक्ससाठी नव्याने लिहून काढली. तिला सिस-व्ही-इनिट म्हणतात. पद्धत समजण्यास सोपी आहे. प्रत्येक सेवेसाठी आज्ञांची एक यादी लिहिलेली असते; तिला स्क्रिप्ट म्हणतात. ‘सुरू कर’ म्हटले असता काय करावे आणि ‘बंद कर’ म्हटले असता काय, हे तीत सांगितलेले असते. ह्या स्क्रिप्टांना एका कप्प्यात क्रमांक लावून ठेवतात. यंत्र जागे होताना पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया त्या कप्प्यातील स्क्रिप्टा ०० पासून ९९ पर्यंत ओळीने चालवीत जाते.

आपल्याकडील पंगतीशी हिची तुलना करता येईल. पान मांडले की आधी मीठ, मग लिंबू, मग चटणी, कोशिंबीर, भाजी, भात, वरण, तूप. क्रम ठरलेला, आणि वाढणारा एकटा. त्याने चटणी सर्वांना वाढून संपविल्याखेरीज कोशिंबिरीचे भांडे उचलावयाचे नाही. ह्यात चूक काही होत नाही, पण वेळ फार जातो. शिवाय ह्या क्रमातील कोणता भाग अवश्य आहे आणि कोणता केवळ रूढीचा, हे क्रमांकावरून कळत नाही. तूप वरणावर घालावयाचे, म्हणून वरण आधी आले पाहिजे, हे खरेच. परंतु चटणी कोशिंबिरीच्या आधीच का? दोन वाढपी असते तर त्या एकाच वेळी वाढता आल्या असत्या.

सिस-व्ही-इनिटची अडचण नेमकी हीच होती. एखाद्या सेवेला १८ हा क्रमांक दिलेला असे व दुसरीला २०; परंतु दुसरीला पहिलीची गरज आहे म्हणून की कोणा लिहिणाऱ्याला तसे सुचले म्हणून, ह्याची नोंद त्या आकड्यात नसे. नवी सेवा बसवावयाची झाल्यास तिचा क्रमांक अंदाजानेच ठरवावा लागे. आणि जाळ्याची जोडणी करणारी स्क्रिप्ट पलीकडून उत्तर येण्याची वाट पाहत थांबली की तिच्या मागची सारी रांग तिच्याबरोबर तिष्ठत राही, मग मागच्यांना जाळ्याशी काही कर्तव्य असो वा नसो.

ह्यावर पहिला तोडगा निघाला तो असा की स्क्रिप्टेच्या आरंभी ठरावीक नमुन्याच्या काही ओळी लिहाव्यात : ही सेवा अमुक नावाची, हिला आधी अमुक अमुक सेवा चालू असणे अवश्य, तमुक असल्यास बरे. क्रमांक मग माणसाने लावावयाचे नाहीत. ह्या ओळी वाचून यंत्रानेच ते काढावयाचे. डेबियन ह्या लिनक्स-वितरणाने २०११ च्या फेब्रुवारीत आलेल्या आपल्या सहाव्या आवृत्तीत ही रीत सर्वत्र लागू केली. ‘कोणाच्या नंतर कोण’ एवढेच सांगितले असता संपूर्ण क्रम लावून देणे हे गणितात परिचित असे कृत्य आहे. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या सेवा अशा मांडणीत एकाच वेळीही सुरू करता येतात. मात्र एक संकट त्यात संभवते. नोंदी ठेवणाऱ्या सेवेला जाळ्यावरील डिस्क हवी, जाळ्याच्या सेवेला नोंदी ठेवणारी सेवा हवी, असे झाले तर ते चक्र कोठून सुरू करावे ह्याला उत्तर नाही. ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही’ ह्या म्हणीतल्यासारखी स्थिती होते, आणि कोणती तरी एक कडी तोडावीच लागते.

क्रम आणि गरज

२०१० साली लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स ह्यांनी ‘सिस्टिम-डी’ नावाची नवी प्रारंभव्यवस्था पुढे आणली. तिच्यात स्क्रिप्टेऐवजी प्रत्येक सेवेचे एक लहानसे माहितीपत्रक असते. कसे सुरू करावे ह्याची आज्ञावली त्यात नसते. कोणता प्रोग्रॅम चालवावयाचा, कोणाच्या नावाने, तो कोसळल्यास पुन्हा उठवावयाचा की नाही, एवढी विधाने असतात. बाकी सारे पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया पाहते. शिवाय एक चतुर युक्ती तिने ॲपलच्या यंत्रांवरील अशाच एका व्यवस्थेपासून उचलली. सेवा सुरू होण्यापूर्वीच तिच्याकडे येणाऱ्या निरोपांची खिडकी उघडून ठेवावयाची. कोणी निरोप टाकला तर गाभा तो सांभाळून ठेवतो, आणि सेवा जागी झाली की तिच्या हाती देतो. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी आधी कोण व नंतर कोण हे सांगण्याची गरजच उरत नाही.

सिस्टिम-डीच्या माहितीपत्रकात दोन संबंध वेगवेगळे लिहावे लागतात, आणि नवशिके हमखास चुकतात ते येथेच. एक संबंध क्रमाचा : ‘ही सेवा तिच्या नंतर’. दुसरा गरजेचा : ‘ती सेवा नसेल तर हिला सुरू करू नये’. पंगतीच्या भाषेत बोलावयाचे तर ‘मठ्ठा असेल तर तो जिलबीनंतर वाढावा’ हा क्रम झाला. ह्यामुळे मठ्ठा करणे बंधनकारक होत नाही. ‘वरणभात नसेल तर तूप वाढू नये’ ही गरज झाली. गरज लिहिली व क्रम लिहिला नाही, तर सिस्टिम-डी दोन्ही सेवा एकदमच सुरू करते, आणि दुसरी अजून डोळे चोळीत असतानाच पहिली तिला हाक मारून निराश होते. क्रम लिहिला व गरज लिहिली नाही, तर ह्याहून अधिक फसवी चूक घडते.

परम प्रवेगसारख्या महासंगणकात शेकडो स्वतंत्र संगणक जाळ्याने जोडलेले असतात आणि सर्वांची सामायिक साठवण वेगळीच असते. प्रवेगची ही साठवण ४ पेटाबाइटांची आहे. अशा कोणत्याही समूहातील एका संगणकाची कल्पना करावी. त्याने जागे होऊन आधी जाळे जोडावे, घड्याळ इतरांशी जुळवावे, सामायिक साठवण आपल्याशी जोडून घ्यावी, आणि मगच ‘मी कामास तयार आहे’ असे कामे वाटणाऱ्या मुख्य यंत्राला कळवावे. समजा, ‘साठवणीनंतर’ एवढाच क्रम लिहिला आहे आणि त्या दिवशी साठवण जोडली गेली नाही. प्रयत्न झाला, तो फसला, क्रम मात्र पाळला गेला. तेव्हा कामे घेणारी सेवा खुशाल सुरू होते. मुख्य यंत्र एखाद्या संशोधकाचे काम तिच्याकडे धाडते. फाइली सापडत नाहीत म्हणून ते क्षणार्धात फसते. क्षणार्धात फसल्यामुळे तो संगणक लगेच मोकळा दिसतो, म्हणून पुढचे कामही त्यालाच मिळते, तेही फसते. कित्येक दिवस रांगेत थांबलेली सगळी कामे असा एकच बिघडलेला संगणक थोड्या अवधीत गिळून टाकू शकतो. महासंगणक सांभाळणाऱ्यांच्या बोलीत अशा यंत्राला ‘कृष्णविवर’ म्हणतात, आणि ते नाव अगदी समर्पक आहे.

सगळ्या प्रारंभव्यवस्था ह्या प्रश्नाकडे एकाच दृष्टीने पाहत नाहीत. गेरिट पापे ह्यांची ‘रनिट’ ही व्यवस्था तर क्रमाची फिकीरच करीत नाही. तिच्यात प्रत्येक सेवेला एक कप्पा व त्यात ‘रन’ नावाची, बहुधा चारसहा ओळींचीच, एक स्क्रिप्ट असते. सर्व सेवा एकदम सुरू होतात. ज्या सेवेला दुसरीची गरज आहे तिने स्वतःच विचारून पाहावे. ती नसेल तर मुकाट्याने संपून जावे. प्रत्येक सेवेवर नेमलेला लहानसा राखणदार निदान एक सेकंद थांबून तिला पुन्हा उठवितो. असे दोनचार वेळा झाले की सर्व काही आपोआप जागेवर येते. ही रीत ऐकण्यास ओबडधोबड वाटते. परंतु मध्येच एखादी सेवा कोसळली तरी सारा डोलारा ह्याच साध्या नियमाने पुन्हा उभा राहतो, हा तिचा गुण नाकारता येत नाही. जेन्टू ह्या वितरणातून निघालेल्या ‘ओपन-आरसी’ने मधला मार्ग धरला. तिच्यात स्क्रिप्टा आहेत, पण प्रत्येक स्क्रिप्ट आपल्या गरजा स्पष्ट शब्दांत सांगते. विशेष म्हणजे ‘मला जाळे हवे’ एवढेच ती म्हणू शकते. जाळे पुरविणारा प्रोग्रॅम कोणता, ह्याच्याशी तिला कर्तव्य नसते. जो कोणी ‘मी जाळे पुरवितो’ असे जाहीर करील तो चालतो. लोरां बेर्को ह्यांची ‘एस-६’ आणि अलीकडची ‘डि-इनिट’ ह्यांचाही येथे नामोल्लेख केला पाहिजे.

पॅकेजांची साखळी

येथवर जे सांगितले ते एका यंत्रापुरते झाले. परंतु ह्या सेवा यंत्रावर येतात कोठून? डेबियन, फेडोरा, जेन्टू ह्यांसारख्या प्रकल्पांना वितरणे म्हणतात. ते हजारो प्रोग्रॅम गोळा करून प्रत्येकाचे एक गाठोडे बांधतात. त्याला पॅकेज हे नाव रूढ आहे. गाठोड्यात प्रोग्रॅम असतो, त्याची माहिती असते, त्याची प्रारंभ-स्क्रिप्ट असते, आणि वर एक चिठ्ठी असते : हे पॅकेज बसवावयाचे तर अमुक पॅकेजे आधी बसलेली हवीत. ह्या चिठ्ठीलाच अवलंबनाची नोंद म्हणतात. एक पॅकेज मागितले असता त्याच्यामागून त्याची सारी गरजवंत मंडळी आपोआप ओढून आणण्याचे काम वितरणाची यंत्रणा करते.

आता अडचण पाहावी. प्रारंभव्यवस्था एकच असताना प्रत्येक सेवेची एक स्क्रिप्ट पुरे. त्या पाच झाल्या, तर हजार सेवांना पाच हजार स्क्रिप्टा लागतील; त्या कोणी लिहावयाच्या, आणि कोठे ठेवावयाच्या? व्हॉइड हे वितरण रनिट हीच एक व्यवस्था मानते, म्हणून त्याला हा प्रश्न पडत नाही. आर्टिक्स ह्या वितरणाने स्क्रिप्ट गाठोड्यातून बाहेर काढली. मूळ प्रोग्रॅमाचे पॅकेज वेगळे, आणि त्याच्या नावापुढे ओपन-आरसी, रनिट, एस-६ किंवा डि-इनिट हे प्रत्यय लावलेली स्क्रिप्टांची चिमुकली पॅकेजे वेगळी. ज्याने जी व्यवस्था पत्करली असेल त्याने तिची जोडी बसवावी. ही मांडणी स्वच्छ आहे, पण तिच्यातही पाच हजारांचे पाच हजार तसेच राहतात.

खरा पेच मात्र स्क्रिप्टांच्या संख्येत नव्हता. तो अवलंबनाच्या चिठ्ठीत होता. मेजावरील संगणकावर जाळ्याची जोडणी सांभाळणारा ‘नेटवर्क-मॅनेजर’ हा प्रोग्रॅम घ्या. जाळे बदलण्याची परवानगी कोणाला द्यावी हे ठरविण्यासाठी, यंत्रासमोर ह्या क्षणी कोण बसले आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते. ही नोंद ठेवणारी सेवा सिस्टिम-डीच्या कुटुंबातली होती, आणि २०१३ नंतर ती पहिल्या क्रमांकावर सिस्टिम-डीच असावी अशी अपेक्षा करू लागली. परिणाम असा झाला की ज्याला केवळ बिनतारी जाळे जोडावयाचे होते त्याने नेटवर्क-मॅनेजर मागितला; त्याने प्रवेशाची नोंद ठेवणारी सेवा ओढली; तिने सिस्टिम-डीला ओढले; आणि यंत्राचा कुलपुरुषच बदलून गेला. साखळीतील एकाही कडीला तसे करावयाचे नव्हते. प्रत्येकीने आपल्या शेजारणीपुरतेच पाहिले होते.

डेबियनच्या आठ सदस्यांच्या तांत्रिक समितीपुढे हा प्रश्न आला तेव्हा मते समसमान पडली, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष बडेल गार्बी ह्यांच्या निर्णायक मताने सिस्टिम-डीची निवड झाली. २०१५ च्या एप्रिलमधील आठव्या आवृत्तीपासून ती डेबियनची नेहमीची प्रारंभव्यवस्था झाली. ज्यांना हे मानवले नाही त्यांनी २०१४ च्या नोव्हेंबरात ‘देव्हुआन’ हे वेगळे वितरण जाहीर केले. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०१७ च्या मेमध्ये बाहेर पडली. सिस्टिम-डीचे गुण त्यांना दिसत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘चांगली आहे म्हणून घ्या’ आणि ‘दुसरी चालणारच नाही म्हणून घ्या’ ह्यांतील अंतरावर त्यांचे बोट होते.

‘मी तयार आहे’ ह्या तीन शब्दांची किंमत

अवलंबनाचा एक प्रकार ह्याहूनही सूक्ष्म आहे. दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे प्रवेश करून देणारी ओपन-एसएसएच ही सेवा जगातील बहुतेक सर्व लिनक्स सर्व्हरांवर चालू असते. बंगळुरूच्या कंपन्यांतील असंख्य अभियंते रोज तिच्याच दारातून ये-जा करतात. सेवा सुरू झाली एवढे कळून भागत नाही. ती खरोखर काम करण्यास सिद्ध झाली का, हेही प्रारंभव्यवस्थेला कळावे लागते. ह्यासाठी सिस्टिम-डीने एक अगदी साधा संकेत ठरविला आहे : सेवेने ठरावीक ठिकाणी ‘तयार’ अशा अर्थाचा एका ओळीचा निरोप टाकावा. हा निरोप टाकता यावा म्हणून डेबियन, फेडोरा आदी वितरणांनी ओपन-एसएसएचला सिस्टिम-डीची लायब्ररी जोडली होती. मूळ ओपन-एसएसएचमध्ये ही जोड नव्हती. त्या लायब्ररीने आपल्या वेगळ्या कामासाठी ‘एक्स-झेड’ ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी बरोबर आणली.

ह्या एक्स-झेडच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत कोणी तरी हेतुपुरस्सर चोरदार ठेवले होते. एक्स-झेडचा आणि दूरप्रवेशाचा अर्थाअर्थी काहीही संबंध नाही. पण वरील साखळीमुळे ते चोरदार थेट प्रवेशद्वाराच्या कुलपापर्यंत पोहोचले. २०२४ च्या मार्चअखेरीस आंद्रेस फ्रॉइंड ह्या प्रोग्रॅमकाराच्या लक्षात आले की आपल्या यंत्रावर प्रवेश होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला आणि २९ मार्च रोजी हा प्रकार जगापुढे मांडला. दूषित आवृत्त्या तेव्हा बहुतांशी चाचणीच्या वितरणांतच पोहोचल्या होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला. पुढे ओपन-एसएसएचच्या मूळ लेखकांनी २०२४ च्या जुलैतील ९.८ ह्या आवृत्तीत तो ‘तयार’चा निरोप पाठविणाऱ्या मोजक्या ओळी स्वतःच लिहिल्या. तीन शब्दांसाठी अख्खी लायब्ररी जोडण्याचे कारण मग उरले नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. चोरदार सिस्टिम-डीत नव्हते, आणि पहिल्या क्रमांकावर कोणती प्रक्रिया आहे ह्यावर ते अवलंबूनही नव्हते. सिस्टिम-डीची लायब्ररी जोडलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रारंभव्यवस्थेखालीही बिनतक्रार चालतो. तिथे लायब्ररी नुसती गप्प बसते. लायब्ररी असणे निराळे आणि कुलपुरुष असणे निराळे.

पर्यायी नाव आणि पोरकी स्क्रिप्ट

नेटवर्क-मॅनेजरच्या साखळीवर जो उपाय निघाला तो, आधी सांगितलेल्या ओपन-आरसीच्या रीतीशी मिळताजुळता आहे. सिस्टिम-डीतील प्रवेशनोंदीचा भाग वेगळा काढून ‘ई-लॉगिन-डी’ नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम तयार झाला. तो कोणत्याही प्रारंभव्यवस्थेबरोबर चालतो. परंतु तो असून उपयोग काय, जोपर्यंत चिठ्ठीवर सिस्टिम-डीचेच नाव लिहिलेले आहे? म्हणून डेबियनमध्ये एक नाममात्र पॅकेज मानण्यात आले. ह्या नावाचे खरे गाठोडे कोठेच नसते. ‘प्रवेशाची नोंद ठेवणारा कोणीतरी’ एवढाच त्याचा अर्थ. नेटवर्क-मॅनेजरच्या चिठ्ठीवर आता लिहिले जाते की नेहमीचा नोंद ठेवणारा हवा, अथवा कोणताही नोंद ठेवणारा चालेल. बदल एका ओळीचा आहे. पण त्यासाठी काही वर्षे चर्चा चालली. व्यक्तीचे नाव खोडून त्या जागी कामाचे नाव लिहिणे, एवढेच त्यात घडले.

स्क्रिप्टांचा प्रश्न मात्र एवढ्या सुबकपणे सुटला नाही, आणि कदाचित तो सुटणाराही नाही. २०१९ च्या डिसेंबरात डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ठरविले की मुख्य व्यवस्था सिस्टिम-डीच राहील, परंतु पर्याय धुंडाळणाऱ्यांना आधार द्यावा. आता एखादे पॅकेज सांभाळणारा स्वयंसेवक स्वतः सिस्टिम-डीच वापरतो. जुनी सिस-व्ही स्क्रिप्ट त्याच्या यंत्रावर कधी चालतच नाही. ती मोडली तरी त्याला कळत नाही. मग तो ती काढून टाकतो. त्याला दोष तरी कसा द्यावा? न चालविलेल्या स्क्रिप्टेची हमी कोणत्या तोंडाने द्यावयाची? दुसरीकडे जो ती वापरीत होता त्याच्या यंत्रावर नवी आवृत्ती बसताच ती सेवा जागी होईनाशी होते. नेटवर्क-मॅनेजरच्या बाबतीत असेच घडले आणि २०२० साली वाद पुन्हा तांत्रिक समितीपर्यंत गेला. ह्यातून निघालेली वाट अशी की, मूळ पॅकेजांनी टाकून दिलेल्या स्क्रिप्टा एकत्र जमविणारे एक वेगळेच पॅकेज करावे. जे त्या वापरतात त्यांनीच त्या सांभाळाव्या. त्या पॅकेजाच्या नावातच ‘पोरक्या स्क्रिप्टा’ असा शब्दप्रयोग आहे. पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया पोरक्या प्रक्रियांना दत्तक घेते हे आरंभी सांगितलेच आहे. तोच न्याय येथे त्यांच्या स्क्रिप्टांना मिळाला.

ह्या दूरच्या मतदानांचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने भारतीय भाषांच्या सोयींसह तयार केलेले ‘बॉस’ हे वितरण, ज्यात मराठीही आहे, डेबियनच्याच पायावर उभारलेले आहे. डेबियनचा कुलपुरुष बदलला तेव्हा बॉसच्या पुढील आवृत्त्यांतही तो बदलला. आठ जणांच्या समितीतील एका निर्णायक मताचा परिणाम अशा रीतीने भारतातील कचेऱ्या व शाळांतील संगणकांपर्यंत येऊन पोहोचला. ज्या शाळेत किंवा वाचनालयात लिनक्सवर चालणारा संगणक असेल तेथे हे कोणालाही पडताळून पाहता येते. आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडावी. ‘पीएस’ ही दोन रोमन अक्षरे, मग मोकळी जागा, उणे चिन्ह व त्याला लागून ‘पी’, पुन्हा मोकळी जागा आणि १ हा आकडा लिहावा, अक्षरे सारी लहान लिपीतली असावीत, आणि आज्ञा पाठविण्याची कळ दाबावी. पडद्यावर एकाच प्रक्रियेचे नाव उमटेल. बहुधा ते ‘सिस्टिम-डी’ असेल. क्वचित ‘इनिट’ किंवा ‘रनिट’ असेल. त्या यंत्रावर सकाळी सर्वांत आधी जागे झाले ते हेच.